उणे चाळीस अंशांतले जॅकेट किती जाड असावे: जवानाच्या हिमसाहित्याविषयी सविस्तर उत्तर

इचलकरंजीत कापडाचा व्यवसाय असलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्याकडे सिंथेटिक कापड विणण्याची आणि जॅकेट शिवण्याची सोय आहे, उणे चाळीस अंशांतही उबदार राहील असे जॅकेट त्यांना सैन्यासाठी तयार करायचे आहे, तर त्यात किती जाड भरण घालावे आणि त्याखेरीज बर्फातल्या जवानाला आणखी कशाकशाची गरज असते. पायदळात असताना उंचावरच्या चौक्यांवर मी नोकरी केली आहे आणि पुढे तेथे जाणाऱ्या जवानांना तयार करण्याचे कामही केले आहे. निवृत्तीनंतर कोल्हापुरात राहत असल्याने सैनिक टाकळी, गडहिंग्लज, कागल या भागांतून बर्फाच्या मुलखात निघालेली मुले आणि त्यांचे घरचे लोक याच विषयावर बोलायला येत असतात. म्हणून हे उत्तर थोडे लांबवून देत आहे.

जाडीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो पहिला नाही. जवान हे जॅकेट घालून वीस किलोंचे ओझे पाठीवर घेऊन दोन तास चढतो आणि मग अर्धा तास एका जागी बसतो, त्या वेळी जॅकेटच्या आत काय होते, हा पहिला प्रश्न आहे. बर्फात माणूस थंडीने जितका दगावतो, तितकाच स्वतःच्या घामानेही दगावतो. म्हणून साहित्याची खरी परीक्षा त्याच्या उबेवर होत नाही. चालणे आणि थांबणे या दोन्ही अवस्थांत ते माणसाला कोरडे ठेवते की नाही, यावर होते.

यामागचे गणित सोपे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॅट उष्णता तयार करते. तोच माणूस ओझे घेऊन चढू लागला की ही उष्णता पाच ते सहा पट होते. याचा अर्थ असा की, उणे वीस अंशांत पहाऱ्यावर उभे राहण्यासाठी जेवढे कपडे लागतात, तेवढेच अंगावर ठेवून तो चढू लागला, तर काही मिनिटांत त्याला घाम फुटतो, आणि अति कपडे घातलेला माणूस तासाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम सहज गाळतो. हा घाम आतल्या थरांत मुरतो. कोरड्या भरणात अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी आले की तीच उष्णता बाहेर पळते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. मग पार्टी, म्हणजे बरोबर चालणारी तुकडी, थांबते, शरीराची भट्टी मंदावते, वारा सुटतो, आणि दहा मिनिटांपूर्वी गरमीने हैराण झालेला जवान कुडकुडू लागतो. आपल्याकडे गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घालणारा माणूस घामाने निथळत असताना पौषातल्या पहाटे बाहेर उसाच्या रानात गेला, तर त्याला जी हुडहुडी भरते, तिचे कारण हेच आहे. फरक इतकाच की तो पुन्हा चुलवाणापाशी येऊ शकतो.

वाऱ्याचा हिशेबही येथेच सांगतो. तापमान उणे वीस असेल आणि वारा ताशी तीस किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीची उष्णता जवळजवळ उणे तेहतीस अंशांच्या शांत हवेत जावी तितक्या वेगाने जाते. त्यामुळे नुसत्या थर्मामीटरच्या आकड्यावरून कपडा ठरवणे चुकीचे आहे, आणि आपल्या जॅकेटवर फक्त ‘उणे ४०’ असे छापणेही पुरेसे नाही. तो आकडा बसलेल्या माणसासाठी आहे की चालणाऱ्यासाठी, किती तासांसाठी आणि किती वाऱ्यात, हे लिहिले तरच त्याला अर्थ येतो.

ओलीने काय होते याचा जगाने पाहिलेला मोठा दाखला कोरियातला आहे. नोव्हेंबर-डिसेंबर १९५० मध्ये चोसिन जलाशयाच्या परिसरात अमेरिकी सैन्य उणे तीस अंशांच्या आसपासच्या थंडीत लढत होते. त्यांच्याकडे रबरी तळाचे आणि चामडी वरच्या भागाचे हिवाळी बूट होते. बाहेरचे पाणी ते आत येऊ देत नसत, पण चालताना पायांना सुटलेला घामही बाहेर जात नसे. जवान थांबले की तो घाम मोज्यांत आणि आतल्या तळव्यांत गोठे, आणि हजारो जवानांना हिमदंश झाला. त्यानंतर जे नवे बूट आले, त्यांत उष्णतारोधक थर दोन रबरी थरांच्या मध्ये कायमचा बंद केलेला होता. पाय ओले झाले तरी तो थर ओला होत नसे. घाम थांबवता येत नसेल तर तो कोणत्या थरापर्यंत पोहोचू द्यायचा हे तरी आपण ठरवले पाहिजे, हे सूत्र त्यातून पुढे आले आणि ते आजही लागू आहे.

त्याआधी १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडने सोव्हिएत सैन्याला जे रोखले, त्यातही कपड्यांइतकाच हालचालीचा वाटा होता. फिनिश सैनिक स्कीवर होते, अंगावर लोकरीचे सुटे थर आणि वर पांढरा अंगरखा होता, सामान माणसांनी किंवा घोड्यांनी ओढायच्या नावेच्या आकाराच्या स्लेजवर होते, आणि दिवसाअखेरी शेगडी असलेल्या तंबूत कपडे वाळवण्याची सोय होती. सुओमुस्साल्मीच्या लढाईत सोव्हिएत तुकड्या रस्त्याला जखडून राहिल्या, कारण रस्ता सोडला तर खोल बर्फात त्यांना चालताच येत नव्हते. ज्याला हलता येत नाही त्याच्या शरीरात उष्णता तयार होत नाही, आणि ज्याला कपडे वाळवता येत नाहीत त्याची दुसऱ्या दिवशीची हालचाल पहिल्या दिवशीच्या घामात अडकते. जॅकेट, स्की, स्लेज आणि तंबूतली शेगडी या वेगवेगळ्या वस्तू नाहीत. त्या एकाच व्यवस्थेचे भाग आहेत.

आता आपल्या कामाच्या भागाकडे येतो. एकच जाड जॅकेट करण्याचा विचार कृपया सोडून द्या आणि थरांचा विचार करा. अंगाला लागून असलेला थर घाम कातडीपासून उचलून बाहेरच्या थराकडे ढकलणारा हवा. त्यासाठी बारीक मेरिनो लोकर किंवा योग्य विणीचे कृत्रिम धागे चालतात, पण सुती कापड अजिबात चालत नाही, कारण सूत पाणी पिऊन बसते आणि सोडत नाही. आपल्याकडची मुले घरून नेलेली सुती बनियन सवयीने आत घालतात आणि वरचे सगळे महागडे थर त्या एका बनियनमुळे निकामी होतात. हे मी अनेकांच्या अंगावर पाहिले आहे. मधल्या थरात फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ कृत्रिम कापड, किंवा हलके भरण असते आणि ते दोन पातळ वस्त्रांत विभागलेले असेल तर एका जाड वस्त्रापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. बाहेरचा थर वारा अडवणारा, हिम झटकून टाकणारा आणि तरीही वाफ बाहेर सोडणारा हवा. या तिघांवर, थांबल्याबरोबर चढवायचे आणि निघण्यापूर्वी काढायचे असे एक जाड भरणाचे जॅकेट वेगळे असते. आपण विचारलेले जॅकेट म्हणजे हे चौथे वस्त्र, आणि ते इतके सैल असले पाहिजे की बाकीचे काहीही न काढता, जाड हातमोजे न उतरवता, ते वाऱ्यात अर्ध्या मिनिटात चढवता येईल.

भरण कोणते, हा प्रश्न प्रदेशावर ठरतो. पिसांचे भरण वजनाला सर्वांत हलके आणि सर्वांत उबदार आहे, पण ते ओले झाले की गोळा होऊन बसते. सियाचीन आणि लडाखची थंडी कोरडी आहे, तेथे पिसे आपले काम करतात. सिक्कीम आणि अरुणाचलमध्ये मात्र हिमाबरोबर ओलसर धुके, पाऊस आणि शून्याच्या आसपास रेंगाळणारे तापमान असते. बर्फ वितळून कपड्यात मुरण्याची भीती तेथे सर्वांत जास्त आहे, आणि तेथे कृत्रिम भरण मला अधिक भरवशाचे वाटते. उणे पाच अंशांतली ओली थंडी उणे पंचवीस अंशांतल्या कोरड्या थंडीपेक्षा माणसाला अधिक लवकर खचवते, हे कागदावर पटत नाही, पण ज्यांनी दोन्ही भोगल्या आहेत त्यांना ते सांगावे लागत नाही.

शिवणकामातल्या बारीक गोष्टी मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण कारखान्यात बसून त्या सुचत नाहीत. काखेत लांब चेन असावी, म्हणजे चढण लागताच वाफ मोकळी होते. प्रत्येक चेनला जाड मिटनमधून (चारही बोटे एकत्र ठेवणाऱ्या हातमोज्यातून) पकडता येईल असा लांब दोरीचा मुठ्या असावा. चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी असावी, म्हणजे रोप (गिर्यारोहणाचा दोर) अडकवण्यासाठी कमरेला बांधलेला पट्टा, अर्थात हार्नेस, न सोडता खालून जॅकेट उघडता येते. जॅकेटची टोपी हेल्मेटवर बसेल इतकी मोठी असावी आणि मान वळवली की ती मानेबरोबर वळावी. न वळणारी टोपी पहारेकऱ्याला आंधळे करते. पँटला शौचासाठी पूर्ण न उतरवता उघडणारी चेन असावी. हा विषय बोलायला संकोचाचा असला, तरी हिमवादळात उघड्यावर कपडे उतरवावे लागू नयेत म्हणून जवान खाणेपिणे कमी करतात, आणि त्यातून होणारे नुकसान फार मोठे आहे. आतल्या थराचे कापड आगीजवळ वितळून कातडीला चिकटणारे नसावे, कारण हा माणूस केरोसीनच्या शेगडीजवळ, अरुंद जागेत, थकलेल्या अवस्थेत वावरणार आहे.

हातांबाबत एकाच मोज्यावर विसंबता येत नाही. आत पातळ मोजा, त्यावर बोटांचा ऊबदार मोजा आणि सर्वांत बाहेर चारही बोटे एकत्र ठेवणारे मिटन अशी रचना असते. मिटन दोरीने मनगटाला किंवा गळ्यातून बांधलेले असलेच पाहिजे, कारण उंच चौकीवर वाऱ्याने उडालेले एक मिटन म्हणजे गमावलेली बोटे. पातळ मोजा कधीही काढायचा नाही, हे जवानाच्या अंगवळणी पाडावे लागते. उणे तीस अंशांत रायफलच्या धातूला उघडे बोट लागले तर कातडी तेथेच चिकटते. केरोसीन आणि पेट्रोल यांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. ते उणे तीस-चाळीस अंशांतही पातळ राहतात, त्यामुळे जेरीकॅनमधून ओतताना हातावर सांडलेले इंधन त्या तापमानाचेच असते, पेट्रोल तर झपाट्याने उडूनही जाते, आणि ते हाताची उष्णता एका क्षणात ओढून घेऊन हिमदंश करते. इंधन हाताळणाऱ्यांसाठी न भिजणारे वेगळे मोजे असावेत. आपल्या कारखान्याला ही वस्तू कदाचित जॅकेटहून सोपी जाईल, आणि तिची गरजही खरी आहे.

पायांविषयी मी सर्वांत जास्त आग्रही आहे. उंचावर दुहेरी बूट वापरतात: बाहेर कडक कवच आणि आत काढता येणारा उबदार बूट. रात्री आतला बूट काढून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचा, म्हणजे तो वाळतो आणि सकाळी गोठलेला मिळत नाही. बुटाचे माप जाड मोजे घालून आणि संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्यावे. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. थंडी वाजते म्हणून तिसरा मोजा घालणारा जवान स्वतःच्या पायाचे रक्त अडवतो आणि तो पाय दोन मोज्यांतल्या पायापेक्षा लवकर गोठतो. बुटाखाली लावायच्या लोखंडी काट्यांचे, म्हणजे क्रॅम्पॉनचे, पट्टे घट्ट ओढल्यानेही तेच होते. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत रानात फिरलेल्या आपल्या मुलांचा पंजा पुढून रुंद असतो, आणि अरुंद साच्यावर बनलेल्या बुटात तो दाबला जातो, असे माझे निरीक्षण आहे. येथे बूट बनवणाऱ्यांनी आपल्या भागातल्या तरुणांच्या पायांची मापे घेऊन साचे केले, तर ते मोठे काम होईल. याशिवाय प्रत्येक जवानाकडे मोज्यांचा एक कोरडा जोड पोटाजवळ, आतल्या कपड्यात असावा. मुक्कामाला पोहोचल्यावर इतर कोणतेही काम करण्यापूर्वी मोजे बदलायचे, पाय पुसायचे आणि बडीने, म्हणजे जोडीदाराने, बडीचे पाय पाहायचे. स्वतःचा पाय बधिर झाला की माणसाला तो दुखत नाही, त्यामुळे तो ठीक आहे असेच वाटते. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. चेहऱ्याचेही तसेच. गालावर किंवा नाकावर पांढुरका डाग दिसला तर तो ज्याच्या चेहऱ्यावर आहे त्याला कळत नाही, शेजारच्याला कळतो.

हिमदंश झालाच तर बर्फाने किंवा हाताने चोळायचे नाही आणि शेगडीवर धरायचे नाही. बधिर अवयव भाजतो आणि ते जवानाला कळतही नाही. सुरक्षित ठिकाणी नेऊन साधारण ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो गरम करायचा. पण पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, किंवा त्याच पायांवर चालत खाली उतरायचे असेल, तर वाटेत तो वितळवायचा नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या पायाचे नुकसान फार मोठे असते.

आपल्या देशात थंडी एकटी येत नाही, तिच्याबरोबर विरळ हवा येते. सियाचीन हिमनदी सुमारे ७६ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या परिसरातल्या कित्येक चौक्या अठरा हजार फुटांच्या वर आहेत, जेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आत-बाहेर आहे. येथून निघालेल्या तरुणाला थेट वर नेले तर जगातले कोणतेही जॅकेट त्याला वाचवू शकत नाही. म्हणून सैन्यात नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस आणि त्यापुढे आणखी चार दिवस अशा टप्प्यांनी शरीर जुळवून घेतले जाते. ते टाळले तर फुप्फुसांत पाणी भरते, ज्याला सैन्यात सगळे हापो म्हणतात, किंवा मेंदूला सूज येते. उपाय म्हणजे ताबडतोब खाली आणणे. ते शक्य होईपर्यंत प्राणवायू, औषधे आणि हवेचा दाब वाढवणारी बंद पिशवी यांवर वेळ काढावा लागतो. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या पलटणीला हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला या खिंडीत उतरवले गेले, आणि लगेच आलेल्या हिमवादळात त्या जवानांना हिमदंशाचा आणि उंचीच्या आजाराचा मोठा तडाखा बसला. विरळ हवेत वजनाचा अर्थही बदलतो. खाली जे अर्धा किलो कोणाच्या लक्षात येत नाही, ते वर प्रत्येक पावलाला जाणवते. आपले जॅकेट दोनशे ग्रॅमने हलके झाले तर ती शोभेची गोष्ट नाही.

हालचालीच्या साहित्यात रोप, हार्नेस, आइस ऍक्स आणि क्रॅम्पॉन हे पहिले येतात. हिमनदीवर वरून पक्के दिसणारे बर्फ आतून भेगाळलेले असते, म्हणून चौक्यांमधली लिंक पेट्रोल, म्हणजे एका चौकीहून दुसरीकडे जाणारी गस्त, एका रोपला बांधून चालते आणि एक जण भेगेत गेला तर बाकीचे त्याला धरतात. ऊन चढले की बर्फ मऊ होते आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो, म्हणून बरीच वाटचाल रात्री किंवा पहाटे, अर्थात सर्वांत थंड वेळी करावी लागते. कपडे ठरवताना हे विसरून चालणार नाही. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर फार थोडे वाचतात. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे यंत्र आणि पार्टीकडे टोचून शोधायच्या काठ्या व फावडी असावी लागतात. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमधल्या सोनम चौकीवर दहा जवान हिमस्खलनात गाडले गेले. त्यांपैकी धारवाड जिल्ह्यातील लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनंतर जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला त्यांनी दिल्लीत प्राण सोडला. आपल्या शेजारच्याच कर्नाटकातला तो मुलगा होता.

पाणी हे साहित्य आहे, असे मी जवानांना नेहमी सांगत असे. कोरड्या थंड हवेत प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातले पाणी बाहेर जाते, तहान मात्र लागत नाही, आणि पाणी कमी पडलेल्या माणसाला हिमदंश लवकर होतो. बर्फ तोंडात टाकून भागत नाही. उणे वीस अंशांचा एक किलो बर्फ वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला सव्वाशेहून अधिक किलोकॅलरी शरीरातून जातात. बर्फ शेगडीवरच वितळवावा लागतो, म्हणून केरोसीन म्हणजेच पाणी. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण गोठणे वरून सुरू होते आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. अठरा हजार फुटांवर पाणी ८२ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ प्रेशर कुकरशिवाय शिजत नाहीत. भूक मरते, पण शरीराला चार हजारांहून अधिक किलोकॅलरी लागतात. बुखारी (खोली तापवण्याची शेगडी) किंवा स्वयंपाकाची शेगडी पेटलेली असताना हवा येण्याची वाट उघडी ठेवलीच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

घरचे लोक विचारतात की मुलाला काय पाठवावे. स्वेटर आणि कानटोप्या पाठवू नका, त्या वर वापरता येत नाहीत. तुपातले डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, कांदा-लसूण चटणी पाठवा. तोंडाला चव नसलेल्या मुलाच्या पोटात चार घास जास्त गेले तर ते साहित्याइतकेच उपयोगाचे आहे.

शस्त्रे आणि बॅटऱ्या यांवर थोडक्यात लिहितो. नेहमीचे तेल थंडीत घट्ट होऊन रायफलचे भाग अडकवते, म्हणून ते पूर्ण पुसून थंडीचे वंगण अगदी कमी लावतात. बाहेरची रायफल उबदार झोपडीत आणली की तिच्यावर दव धरते आणि बाहेर नेताच ते गोठते, म्हणून ती बाहेरच, आडोशाला ठेवतात. बॅटरी थंडीत आपली शक्ती गमावते, तेव्हा तिच्यासाठी अंगाजवळच्या थरात खिसा असावा. आपल्या मधल्या थरात, छातीच्या आतल्या बाजूला, असे दोन खिसे जरूर द्या. गॉगलसाठीही जागा द्या, कारण बर्फावरून परावर्तित झालेल्या किरणांनी काही तासांत डोळ्यांना इजा होऊन तात्पुरते दिसेनासे होते आणि जवानाकडे दुसरा गॉगल असलाच पाहिजे.

देशात या साहित्याची गरज किती आहे, हे २०२० साली संसदेत सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालातून स्पष्ट दिसले. उंचावरच्या जवानांसाठी बर्फाचे गॉगल आणि बूट यांचा तुटवडा आणि जुन्या प्रकारच्या जॅकेट व स्लीपिंग बॅगची खरेदी यांवर त्यात बोट ठेवले होते. त्यानंतर डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने अधिक पंधरा ते उणे पन्नास अंशांसाठी विकसित केलेल्या तीन थरांच्या कपड्यांचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२२ मध्ये पाच भारतीय कंपन्यांना दिले. म्हणजे वाट खुली झाली आहे. लहान कारखान्याने लगेच संपूर्ण संच करण्याच्या मागे न लागता आतला थर, मोजे आणि मिटन यांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. या वस्तू सर्वांत लवकर झिजतात, जवानाला त्यांचे अनेक जोड लागतात, आणि आपल्या भागातल्या विणकामाच्या कौशल्याला त्या जवळच्या आहेत. मापांची संख्या मात्र कमी करू नका. तीन मापांत सगळ्यांना बसवण्याचा हिशेब खर्चाच्या दृष्टीने बरा दिसतो, पण सैल आतला थर घाम उचलत नाही आणि घट्ट मोजा रक्त अडवतो.

चाचणीसाठी लडाखपर्यंत जाण्याआधी येथेच बरेच काही करता येईल. आइस्क्रीम किंवा मासळी ठेवतात तशा उणे वीस अंशांच्या शीतगृहाची परवानगी घ्या. निरोगी तरुणाला, डॉक्टर जवळ ठेवून, प्रत्येक वस्त्र वजन करून घालायला द्या. पाठीवर वीस किलो देऊन चाळीस मिनिटे पायऱ्यांच्या ठोकळ्यावर चढ-उतार करवा आणि मग पंख्याच्या झोतात वीस मिनिटे बसवा. नंतर प्रत्येक थराचे वेगळे वजन करा. आतला थर जड झाला असेल तर कापड घाम उचलत नाही. भरणाचा थर जड झाला असेल तर बाहेरचे कापड वाफ सोडत नाही किंवा काखेची चेन अपुरी आहे. वजन वाढले तेवढा घाम आत अडकला, असे समजा. चेन, मुठ्ये आणि मिटन यांची चाचणी आषाढात गगनबावड्याच्या घाटात करा: रात्री, पावसात, वाऱ्यात, बोटे बधिर झालेली असताना. कपडे पंचवीस वेळा धुऊन पुन्हा हीच सगळी वजने घ्या, कारण कितीतरी कापडे पहिल्या दिवशी उत्तम काम करतात आणि धुण्याने त्यांच्यावरचा लेप निघून जातो. हे सगळे आकडे तारखेसह लिहून ठेवा. सैन्याच्या खरेदी अधिकाऱ्यांपुढे नमुना ठेवताना त्यांना जॅकेटपेक्षा ही वही आधी दाखवा.